पहिली तार

ऐन सवाई गंधर्व महोत्सवाच्या आदल्या रात्री मैत्रिणीला ताप भरला. उल्हास कशाळकरांचं गाणं बैठकीत पुढे बसून ऐकायचं, असं आमचं दोन महिन्यांपासून ठरलेलं. "तू जा, माझं तिकीट कुणाला तरी देऊन टाक," असं ती खोकत म्हणाली. गाण्याला एकटीनं जायला माझी काही हरकत नसते, पण तिकीट वाया गेलेलं मला बघवत नाही. पुण्यात वाढलेय, दुसरं काय!

मुकुंदनगरच्या मैदानाच्या फाटकाशी एक काका उभे होते. साठीच्या पुढचे, गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. जादा तिकीट आहे का, हे विचारायचाही त्यांना संकोच होत असावा. नुसते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी तिकीट पुढे केलं. त्यांनी पैसे काढले, मी नको म्हटलं, त्यांनी नोट माझ्या डब्यावर ठेवली, मी ती परत त्यांच्या पिशवीत सारली. शेवटी "चहा माझ्याकडून" यावर तह झाला.

सतरंजीवर टेकेपर्यंत मला धाकधूक होती. आवडतं गाणं अनोळखी माणसाशेजारी बसून ऐकायचं म्हणजे जोखीमच. काहीजण प्रत्येक समेला 'क्या बात है' म्हणतात, आणि तेही समेच्या अर्धी मात्रा आधी. काहीजण गवयाबरोबर गुणगुणतात. एकदा एका आजोबांनी पूर्ण झपताल माझ्या गुडघ्यावर मोजला होता. हे काका कुठल्या जातकुळीचे?

कुठल्याच नाही. पंडितजी येऊन बसले, मंडपात टाळ्या झाल्या, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मागे बसलेल्या शिष्यांच्या हातातल्या तंबोऱ्यांकडे बघत होते. बघत तरी कसले, मान तिरकी करून ऐकत होते.

"दिव्याखाली आले की उतरतात," ते पुटपुटले. आत लावून आणलेले तंबोरे मंचावरच्या उष्णतेनं उतरतात आणि डिसेंबरच्या गार हवेत ठेवले की चढतात, असं त्यांनी मला सांगितलं. तेवढ्यात एका शिष्यानं घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालचा मणी जरासा सरकवला आणि काकांनी 'हं' केलं. जणू मणी त्यांनीच सरकवला होता.

मग कळलं की ते मिरजेचे. उभं आयुष्य तंबोरे बनवण्यात गेलेलं. बोटांची टोकं जाड झालेली, नखांच्या कडेला लाखेचा तांबूस रंग कायमचा बसलेला. तंबोऱ्याच्या तारेच्या त्या गुंजणाऱ्या आवाजाला जवारी म्हणतात एवढंच मला ठाऊक; ती येते कशी, असं मी अज्ञानानं विचारलं. त्यांनी मफलरच्या टोकाचा एक धागा तोडला, माझ्या डब्याच्या झाकणावर आडवा ठेवला आणि नखानं किंचित पुढेमागे सरकवला. "एवढंच सूत, ताई. घोडीवर तारेखाली घालायचं. केसभर इकडं गेलं तर तार मुकी, तिकडं गेलं तर पत्र्यासारखी वाजते. मधे एक जागा असते, तिथं ती बोलते." त्या जागेसाठी आधी घोडीचा माथा कानसेनं घासावा लागतो, थोडं घासायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एका घोडीपायी अख्खी दुपार गेलीय, म्हणाले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल मी अभिनंदन केलं तर फक्त हसले.

तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. "पहिली तार मध्यमाला लावलीय. दोन्ही तंबोऱ्यांत. एरवीसारखा पंचम नाही." मग माझ्याकडे वळून ठामपणे, "पंचम नसलेला राग, मालकंस. लिहून घ्या."

मला मारुबिहाग हवा होता, म्हणून मी मनातल्या मनात खट्टू झाले. पण पंडितजींनी षड्ज लावला, गंधारावर आले, वर मालकंसात नसलेला शुद्ध धैवत लागला, आणि सावकाश बागेश्री उभा राहिला. काकांनी कपाळाला हात लावला. "तार बरोबर होती," ते माझ्या कानाशी म्हणाले, "बागेश्रीलाही मध्यम लावतात. मीच चुकलो."

पुढचा तासभर ते एक शब्दही बोलले नाहीत. ख्याल ग्वाल्हेर घराण्याच्या डौलात भरत गेला. मी एरवी तानांची वाट बघणारी बाई, पण त्या दिवशी दोन तानांच्या मधल्या रिकाम्या जागेत काय चाललंय, ते पहिल्यांदा ऐकू आलं. गवई श्वास घ्यायला थांबला की मागे तंबोऱ्याच्या त्या चार तारा आपल्या चालूच. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या, तारेतून मधेच कुणीही न छेडलेला गंधार निघतो, हेही तेव्हाच कळलं. मी चमकून काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

लाउडस्पीकरच्या नियमामुळे बहुतेक दिवशी दहाला सगळं आटपतं. मध्यरात्रीनंतरचे राग या मंडपात पोरके झालेत, ही माझी जुनी तक्रार. ती मी चहा पिताना काकांना ऐकवली. ते म्हणाले, "बरंच झालं, मला महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायचीय." मग पेला खाली ठेवत मिस्कीलपणे, "तसा हा उत्सव आमचाच म्हणा. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाईंचे भीमसेन. १९५३ पासून तुम्ही पुण्यात नुसता मंडप घालताय." पुणेकराला असं तोंडावर सुनावून ते रिक्षात बसले. नाव विचारायचं राहूनच गेलं. डब्याच्या झाकणावर तो मफलरचा धागा मात्र घरी येईपर्यंत चिकटून होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन. ताप उतरला होता, आवाजात हेवा होता. "कसं झालं गाणं?"

"तंबोरे फार सुरेख लागले होते," मी म्हटलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिनं विचारलं, "माझ्या जागेवर नक्की कोणाला बसवलंस तू?"