खांडस ते भीमाशंकर: आखला गणपती घाट, फोनने चढवला शिडी घाट

आधी निकाल सांगतो. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून गणपती घाटाने भीमाशंकरला चढून जायचं असेल तर फोनमधल्या ॲपला वाट शोधायला लावू नका. वाट तुम्ही ठरवा, ॲपने ती फक्त दाखवावी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला डिसेंबरातल्या एका पहाटे, पहिल्या लोखंडी शिडीखाली, मावशीचा चेहरा बघून कळलं.

आम्ही पाच जण होतो. चौघं नेहमीचे आणि माझी मावशी. मावशी ५८ वर्षांची. दर रविवारी सिंहगड चढते, दमाच्या बाबतीत आम्हा चौघांना पुरून उरते. पण तिला उघड्या कड्याची भीती आहे. एका बाजूला दरी आली की तिचे पाय जागच्या जागी थिजतात. म्हणूनच गणपती घाट धरला होता. लांबचा, पण मळलेला, हात न टेकता चढता येणारा.

मार्ग आखायला तीन रात्री घालवल्या. ऑफलाइन मार्ग मिळावा म्हणून ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती, तेव्हा साधंसुधं फुकटातलं काही वापरत होतो असंही नाही. लॅपटॉपवर खांडस आणि भीमाशंकर टाकलं की रेघ थेट शिडी घाटातून, म्हणजे कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्यांच्या वाटेने जाते, कारण तो जवळचा. ती रेघ पकडून मी गणपतीच्या देवळाकडे ओढली, पुढे आणखी एका जागी ओढली. ११ किलोमीटर, ३ तास ४० मिनिटं असं आलं. फाइल उतरवून घेतली, सगळ्यांना पाठवली आणि निश्चिंत झालो.

कर्जतला शेवटच्या लोकलने उतरलो. खांडससाठी जीपवाल्याने १,८०० सांगितले, १,५०० वर आला. कशेळेपर्यंत येताना दोनदा ऐकवलं की परत रिकामी गाडी न्यावी लागते. घाई नसेल तर रात्री जाऊच नका, सकाळची एसटी धरा. पैसे वाचतील आणि मुख्य म्हणजे उजेड असेल. आमचं पुढचं सगळं अंधारामुळे घडलं.

खांडसला पहाटे साडेचारला फाइल उघडली तर फोनवर आकडे होते ८ किलोमीटर, ३ तास ५ मिनिटं. मला वाटलं, गाडीने गावात जरा पुढे सोडलंय म्हणून अंतर कमी दिसतंय. तिथेच थांबायला हवं होतं. गाडीने पुढे सोडलं म्हणून तीन किलोमीटर कमी होत नाहीत.

गावाच्या पुढे पूल लागतो. डावीकडची वाट शिडी घाटाची, उजवीकडचा रस्ता गणपती घाटाकडे. फोनवर बाण डावीकडे होता. टॉर्चच्या उजेडात पूल, पायवाट आणि निळी रेघ एवढंच दिसत होतं. वळलो. झाडीतून चढ, मग सुकलेला ओढा, मग दगडधोंड्यांची घळ. उजाडलं तेव्हा समोर कातळाला टेकवलेली शिडी उभी होती.

मागे फिरायचं का, यावर बोलणं झालं. पुलापर्यंत परत जायला तासभर, मग लांबचा घाट. ॲप सांगत होतं की पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, पोहोचायला ४०० मीटर राहिलेत, म्हणजे १२ मिनिटं. मावशी म्हणाली, "बारा मिनिटंच ना? मग चला." त्या १२ मिनिटांना आम्हाला २ तास १० मिनिटं लागली.

शिडीवर भीती वाटत नाही, निदान पकडायला गज असतात. तेही दवाने ओले आणि इतके गार की बोटं बधिर होत होती. खरी परीक्षा दोन शिड्यांच्या मधल्या आडव्या टप्प्याची. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काहीच नाही, पावलापुरती खोबण आणि तिच्यावर बारीक घसारा. नेहमीच्या ट्रेकरला हे अवघड नाही. दरीची भीती असणाऱ्याला हे अशक्यच वाटतं. नशिबाने ३० मीटर दोर आणि दोन स्लिंगा (बांधायचे मजबूत पट्टे) सॅकमध्ये होत्या. एक जण पुढे जाऊन झाडाला बांधून बसला, मावशीच्या कमरेला दोर घातला, मी तिच्या मागे.

आणि त्याच वेळी माझ्या छातीवरच्या खिशात फोन वाजायला लागला. "तुम्ही मार्गाबाहेर आहात." दर अर्ध्या मिनिटाला. आम्ही मार्गाबाहेर नव्हतो, त्या टप्प्यावर मार्गाबाहेर जायला जागाच नाही. उंच कड्याला चिकटून उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलं जातं, उपग्रहाचे संदेश कातळावर आपटून येतात आणि फोन आपल्याला ३०-४० मीटर बाजूला, म्हणजे दरीत, दाखवतो. दर वेळी तो आवाज झाला की मावशी दचकायची, पाय हलायचा आणि खालचे खडे घरंगळत जायचे.

"मावशी, खाली बघू नकोस. माझ्या हाताकडे बघ."

"तू आधी तो फोन बंद कर," ती म्हणाली. डोळे मिटलेले, गाल कातळाला लागलेला.

एक हात खोबणीत, दुसऱ्याने तो फोन काढून बंद करणं हे मी त्या दिवशी केलेलं सगळ्यात धोक्याचं काम. तुम्ही कुठल्याही घाटात शिरण्याआधी हा इशारा बंद करून ठेवा. सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत असतो, वर गेल्यावर सापडणार नाही.

पदरावर पोहोचल्यावर मावशी दहा मिनिटं नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "झालं ना? आता पाणी दे." पदरवाडीपासून वरची वाट जंगलातून जाते, सोपी आहे, दुपारी पोहोचलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

घरी येऊन हे का झालं ते शोधलं. मार्ग साठवायच्या जीपीएक्स फाइलमध्ये तो दोन तऱ्हेने राहतो. 'ट्रॅक' म्हणजे बिंदूंची माळ, जिथून जायचं तीच रेघ. 'रूट' म्हणजे फक्त थांब्यांची यादी, मधली वाट उघडणारं ॲप स्वतः नव्याने शोधतं. मी रूट उतरवला होता. त्यातही, ओढून केलेले बिंदू ॲपच्या लेखी थांबे नव्हतेच, रेघेला बाक देणारे बिंदू होते. ते फाइलमध्ये आलेच नाहीत. फोनकडे पोहोचलं एवढंच: खांडस आणि भीमाशंकर. त्याने जवळची वाट काढली आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही की तुझी वाट बदलली आहे. पैसे घेऊन मार्ग आखून देणाऱ्या ॲपची ही चूक मला माफ करता येत नाही.

वेळेचं गणितही तपासलं. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, हा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम आहे. ८ किलोमीटर आणि साधारण ९०० मीटर चढ यांना तो लावला की बरोब्बर ३ तास ५ मिनिटांच्या आसपास येतं. नियम चांगला आहे, पण त्यात शिडी नाही, दोर नाही, घाबरलेलं माणूस नाही. उंचीचा आलेख तर आणखी फसवा. बऱ्याच ॲपमधली उंची २००० साली नासाच्या एंडेव्हर या अंतराळयानातून ११ दिवसांत मोजलेल्या माहितीवर बेतलेली असते, साधारण दर ३० मीटरला एक आकडा. दहा-पंधरा मीटरचा उभा कातळ दोन आकड्यांच्या मधे सहज गडप होतो. आलेखात शिडी घाट मला दापोडीच्या पुलाच्या चढासारखा गुळगुळीत दिसला होता.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करा. फाइल उतरवताना 'ट्रॅक'च निवडा. फोनवर उघडल्यावर किलोमीटर लॅपटॉपच्या आकड्याशी ताडून बघा, अर्ध्या किलोमीटरचा फरक आला तरी रेघ मोठी करून पूर्ण तपासा. 'आपोआप नवा मार्ग शोधा' हे बटण घरूनच बंद करा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर वाटेला स्विस अल्पाइन क्लबच्या प्रतवारीवरून अवघडपणाची खूण देता येते, पण ती कोणीतरी भरावी लागते, आणि ज्या वाटेवर ती नसते तिला बरीच ॲप साधी पायवाट समजतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या वाटांवर तेवढी भरा, पुढच्या कुणाची तरी मावशी वाचेल. आणि खांडसात "भीमाशंकरची वाट कुठली" असं विचारू नका, दोन्ही वाटा तिथेच जातात. "गणपतीच्या देवळाकडे कुठून जायचं" असं विचारा.

शिडी घाट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दोर असलेल्या, कातळाची सवय असलेल्या चौघांनी तो जरूर करावा. मी परत जाणार आहे. पण तिथून खाली उतरू नका, भीमाशंकरहून एसटीने मंचरमार्गे पुण्याला या.

ॲपवाल्यांना कळवलं. तक्रारीच्या यादीत 'रस्ता बंद', 'नाव चुकीचं', 'ठिकाण हललं' असे पर्याय होते. वाट धोक्याची आहे किंवा मार्ग न विचारता बदलला, यासाठी काहीच नव्हतं. 'इतर'मध्ये सगळं लिहिलं, दोन्ही फाइली जोडल्या, एवढंच मागितलं की मार्ग पुन्हा शोधला तर पडद्यावर तसं ठळक लिहा आणि जुनी रेघ राखाडी रंगात तशीच ठेवा. तीन आठवडे झाले, मिळाल्याची पोच आली आहे. उत्तर आलं तर इथेच खाली टाकेन. तोवर आमची ट्रॅकची फाइल कुणाला हवी असेल तर मागा. पुलाजवळच्या बिंदूला त्यात मी नाव दिलंय, "उजवीकडे".