दम धर, पण दम धरू नको

आमच्या घरात रेग्युलेटर म्हणलं की गॅसच्या टाकीचा. त्यामुळं मी अंदमानला स्कूबाचा कोर्स करायला चाललोय आणि तिथं पाण्याखाली पाठीवरच्या हवेच्या टाकीला जोडलेला रेग्युलेटर तोंडात धरून श्वास घ्यायचा असतो म्हणल्यावर आईनं लाटणं खाली ठेवून विचारलं, "गॅसचा? तोंडात?" मी लई हसलो. नंतर वाचलं तर आई फार चुकली नव्हती. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी हे यंत्र जमवलं, त्यातला गान्यां गॅस कंपनीतला इंजिनिअर, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायला त्यानं एक व्हॉल्व्ह बनवला होता, आणि तोच सुधारून पुढं डायव्हरच्या तोंडात गेला.

तर मी औसा तालुक्यातला. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत समुद्र नाही, आणि आमच्या लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेली, मग असल्या गावचं माणूस पाण्यात शिरलं कसं हे हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणतात) मला तिघांनी विचारलं. उत्तर एकच, विहीर. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पाठीला वाळका भोपळा बांधून मला आमच्या विहिरीत ढकललं होतं आणि वरून ओरडत होते, "उगं हातपाय झोडू नकोस, दम धर!" तात्या म्हणजे गावात कुणाची बादली पडू दे नाहीतर मोटारीच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह अडकू दे, बोलवायचं ते यांनाच. छाती भरून घ्यायचे आणि एकाच दमात तळाला जाऊन यायचे. त्यामुळं दम धरणं म्हणजे श्वास धरणं का सबुरी धरणं हा फरक मला कधी करावाच लागला नाही, विहिरीत दोन्ही एकच होतं.

समुद्रात गेल्यावर इन्स्ट्रक्टरनं पहिलंच वाक्य सांगितलं की श्वास कधीच रोखायचा नाही, कायबी होऊ दे. कारण साधंय. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं, म्हणजे वर हवेचा असतो तेवढ्यानं, वाढतो. १० मीटरवर छातीभर हवा घेऊन तोंड मिटून वर आलात तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटू शकतं. तात्यांना हे लागू नाही कारण ते वरचीच हवा घेऊन खाली जातात, खाली दबते आणि वर आली की होती तेवढीच होते. आम्ही खालची, दाबाची हवा ओढतो, घोळ तिथंय.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. जेमतेम तीन मीटर पाणी, गुडघ्यावर बसलेलो, आणि मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन ते नाकानं फुंकून काढायचं होतं. नाकाला पाणी लागलं आणि माझा श्वास असा सुटला की थांबेचना, लहान लहान, धापा टाकल्यासारखा, आणि माझी शंभर टक्के खात्री झाली की रेग्युलेटर खराब आहे, हवाच देत नाहीये. वर येऊन मी पोराला (इन्स्ट्रक्टर माझ्याहून धाकटाच होता) जरा जोरातच सुनावलं की असलं मोडकं सामान देता व्हय. त्यानं काय वाद घातला नाही. माझाच रेग्युलेटर स्वतःच्या तोंडात घेतला, खाली जाऊन दोन मिनिटं निवांत बसला आणि वर आला. सामान ठणठणीत होतं.

मग त्यानं समजावलं ते मला आजही सगळ्यात कामाचं वाटतं. धापा टाकताना हवा वरच्यावरच आतबाहेर होते, छातीतला कार्बन डायऑक्साइड नीट निघत नाही, आणि जीव गुदमरल्यासारखा होतो तो बहुतेकदा त्या कार्बन डायऑक्साइडमुळं, ऑक्सिजन संपला म्हणून नाही. म्हणजे आधी श्वास सोडायचा. लांब, पूर्ण, बुडबुड्यांचा आवाज ऐकत. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं. मला आत्तापर्यंत सगळे "मोठा श्वास घे" म्हणत आले होते, "मोठा श्वास सोड" असं कुणी म्हणलं नव्हतं.

खरा बिघाड कोर्स संपल्यावर दुसऱ्या दिवशी झाला. १५ मीटरवर होतो, सोबत जालन्याचा एक मित्र आणि गाईड. एकदम तोंडातून हवेचा फवारा सुटला. फवारणीच्या पंपाचा खटका अडकल्यावर कसं होतं, हात काढला तरी औषध उडतच राहतं, अगदी तसं. कानात घरघर, डोळ्यांपुढं नुसते बुडबुडे, मास्क हलायला लागला. याला फ्री फ्लो म्हणतात. गंमत अशी की रेग्युलेटरची रचनाच अशी असते की बिघडला तर सहसा उघडा राहतो, बंद पडत नाही. हवा कमी नसते, जास्त असते. फक्त टाकी भराभर रिकामी होते.

हे मला पाठ होतं, तरी पहिला विचार आला तो वर पळायचा. दुसरा तात्यांचा, आणि तो जास्त धोक्याचा होता, कारण छाती आपोआप बंद झाली. दोनएक सेकंद असेल. मग मी मुद्दाम "हूंऽऽ" करून श्वास सोडला आणि कोर्समध्ये ३० सेकंद केलं होतं तसं ओठ ढिले करून, जीभ आडवी धरून, उडणाऱ्या हवेतून घोट घोट घ्यायला लागलो. नळाला थेट तोंड न लावता धारेतून पाणी पितो ना, तसं. मित्राकडं बघून सपाट हात हलवला, म्हणजे काहीतरी बिघडलंय. गेजवर (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा) मघाशी ११० बार दाब होता तो बघता बघता ७० झाला, आणि मी ते बघत बसलो होतो हे आता आठवलं की माझा मलाच राग येतो, काटा बघून हवा वाढत नसते.

गाईडनं त्याचा पिवळा जादाचा रेग्युलेटर माझ्यापुढं धरला. मी माझा काढला, त्याचा घातला, आधी फुंकून पाणी काढलं, मग श्वास. त्यानं माझा पट्टा धरला आणि आम्ही वर निघालो, हळूहळू, मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास. ५ मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलोसुद्धा. ती तीन मिनिटं मला पंधरा मिनिटांची वाटली, पण थांबता आलं कारण त्याच्या टाकीत हवा भरपूर होती, तो सगळ्यात सावकाश श्वास घेणारा माणूस.

कारण काय निघालं? वाळू. सकाळी किनाऱ्यावर सामान चढवताना रेग्युलेटर माझ्याच हातून वाळूत पडला होता आणि मी नुसता फुंकर मारून लटकावला होता. डायव्हिंगआधी रेग्युलेटरचा खटका दाबून, दोन-चार श्वास घेऊन तपासायचं असतं, ते बी मी घाईत उरकलं.

गावी आल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. विहिरीच्या काठावर बसलो होतो, मोटार चालू होती. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळून झाली, आणि विचारलं, "वायसर गेला होता का त्याचा?"

"नाही तात्या, वाळू होती आत. माझ्याच हातून पडला होता."

"धुतला नव्हतास?"

"नाही."

"फवारणीचा पंप बी तसाच ठिवतोस," तात्या म्हणले, आणि गोठ्याकडं बोट केलं, जिथं माझा पंप गेल्या आठवड्यापासून औषधासकट पडलेला होता.