तुम्ही विचारलंत म्हणून: मुरोरानला असं आहे तरी काय?

जपानहून आलो म्हटलं की लोक फुजी आणि क्योतोची चौकशी करतात. मी मुरोरानचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथे काय आहे?"

कारखाने आहेत. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे बंदर. १८९२ मध्ये इथे रेल्वे आली तीच कोळशासाठी. खाणींतला कोळसा इथून जहाजांवर चढायचा. १९०७ मध्ये तोफांसाठी पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्याच आवारात १९१८ पासून तलवारी घडवणारी एक छोटी कार्यशाळा आहे, आजही चालू. एकाच कुंपणाच्या आत अणुभट्टीसाठीचे अजस्र पोलादी भाग आणि हातोड्याने ठोकलेली तलवार! मला तर एवढंही पुरे होतं.

सप्पोरोहून थेट गाडी आहे. हिगाशी-मुरोरानला गाडी फाट्यावर वळते आणि वानिशीच्या आसपास खिडकीबाहेर धुराडी, गंजके पाइप सुरू होतात. एके काळी इथे दीड लाखाच्या वर वस्ती होती, आता ऐंशी हजारही नाही. स्टेशनजवळच्या बाजारात बरीच शटर्स कायमची खाली आहेत. ते पाहून वाईट वाटतं, उगाच कशाला लपवा.

पण संध्याकाळी जेवायला बसा. इथली याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, कोंबडीची नसते, डुकराच्या मांसाची असते. काडीवर मांसाच्या तुकड्यांमध्ये कांद्याच्या जाड फोडी, वरून गोडसर रस्सा, आणि ताटलीच्या कडेला पिवळीधमक मोहरीची चटणी. ती जरा जास्त लागली की झणका थेट नाकात! कोळशावर कांद्याची कड करपते तो वास दारातच येतो. युद्धकाळात सैनिकांच्या बुटांसाठी डुकराचं कातडं लागायचं, म्हणून डुकरं पाळायला उत्तेजन मिळालं, मांस उरलं आणि त्यातून हे सुरू झालं, असं सांगतात. शाकाहारी मंडळींनी मात्र डबा सोबत ठेवावा.

चिक्यू-मिसाकी या भूशिराचे शंभर मीटरहून उंच कडे आणि १९२० चा दीपस्तंभ सगळेच दाखवतात, छानच आहेत. मला मात्र सोकुर्यो डोंगरावरून रात्री दिसणारं बंदर जास्त आवडलं: कारखान्यांचे दिवे, मध्ये १९९८ चा हाकुचो झुलता पूल.

जाणार असाल तर जून-जुलै टाळा. त्या दिवसांत समुद्रावरून धुकं येतं, आणि डोंगरावर चढूनही पुलाचा पत्ता लागत नाही.