तारीख शिल्लक होती, बिया खवट होत्या

बिया खवट झाल्याचे स्वतःला कळणे सोपे असते; ते दुकानदाराला मान्य करायला लावणे किती कठीण असते, हे मी यंदाच्या उन्हाळ्यात नागपुरात अनुभवले.

सोललेल्या सूर्यफूल बियांचे पाकीट मे महिन्यात आणून घरी उघडले, तर पहिल्याच घासाला कडवटपणा आणि मागाहून घशात खवखव जाणवली. बिल घेऊन परत गेले, तेव्हा दुकानदारांनी छापील तारीख दाखवली, बिया हुंगल्या आणि म्हणाले, "ताई, वास कुठे आहे? भाजून घ्या, चव येईल." या उत्तराचा मला अजूनही राग येतो. अखंड बीला फारसा वास नसतो. ती चिरडली की शिळ्या तेलाचा दर्प लगेच येतो. भाजल्याने खमंगपणा वाढून खवटपणा झाकला जातो, नाहीसा होत नाही. शिवाय ती तारीख माल योग्य तऱ्हेने साठवला जाईल हे गृहीत धरून छापलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. सूर्यफुलाच्या गरात जवळपास निम्मे तेल असते. टरफल निघाल्यावर त्या तेलाला हवा लागते आणि उष्णतेने ते लवकर बिघडते. मी तिथेच बिया चिरडून दाखवल्या, तरी "तारीख बाकी आहे" याखेरीज दुसरे उत्तर मिळाले नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर पैसे परत मिळाले आणि मला मनापासून समाधान वाटले. तक्रारीसाठी लागू शकतो म्हणून पाकीट फोडताना बॅच क्रमांकाचा भाग कापू नये, हे मी वर पाकीट उघडल्याचे लिहिले तेव्हाच सांगायला हवे होते.

आता मी सोललेल्या बिया थोड्याच आणते आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवते. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा आत दमट हवा शिरून पाणी सुटते. जवस अखंड असेल तर बराच काळ टिकते, परंतु पूड लवकर खवट होते. त्यामुळे चटणीपुरतेच कुटावे. डाळींना आपण कडक ऊन दाखवतो, तसे सोललेल्या बियांना दाखवू नये. पावसाळ्यात कुबट वास आला किंवा शेंगदाण्यांवर बुरशी दिसली, तर चव घेऊन पाहण्याच्या फंदात न पडता सारे टाकून द्यावे, कारण बुरशीचे विष भाजूनही पुरते जात नाही.