मुंबई ते लंडन: विमानाचे तास आणि घर ते घरचे तास

आईला घेऊन बहिणीकडे लंडनला जाऊन आलो. निघायच्या आधी जो तो एकच विचारायचा, "विमान किती तासांचं?" वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर गिरगावातलं दार ते तिकडचं दार, असा हिशोब धरा. आमचे सोळा तास सहज गेले.

हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना तासभर कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. सीटसमोरच्या पडद्यावर हे चक्क दिसतं. जाताना वेग ताशी 800 च्या आसपास होता. येताना काळ्या समुद्राजवळ आकडा 1,000 च्या वर गेला, तेव्हा आईनेच मला हलवून उठवलं! शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, त्यामुळे आपल्या कंपन्यांना वळसा पडतो. तिकीट काढताना प्रत्येक कंपनीची वेळ ताडून बघा.

दुबईमार्गे गेलं तर फार लांब पडतं, असं बरेच जण समजतात. मुंबई-दुबई सुमारे 1,930 आणि दुबई-लंडन 5,500, म्हणजे जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर जास्त. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. गुडघे आखडत असतील तर तो थांबा बराही वाटेल, पण मध्यरात्री पुन्हा तपासणी आणि लांबलचक चालणं नको, म्हणून आम्ही थेटच गेलो.

तारीख नीट बघा. शुक्रवारी पहाटे 2 चं विमान म्हणजे गुरुवारी रात्री घर सोडायचं. तीन तास आधी टर्मिनल 2 ला पोहोचा. मेट्रो 3 आता थेट गिरगावातून जाते, पण मोठ्या बॅगा आणि आई सोबत असताना टॅक्सीच बरी. लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान 48 तास आधी तरी. पैसे पडत नाहीत, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विमानापासून इमिग्रेशनपर्यंतचं अंतर बघता ती हवीच. खाऊमध्ये चकली, लाडू, मसाले न्या, फक्त लाडू तेलातले किंवा डालड्यातले करा. भारतातून मांस आणि तूप-पनीरसारखे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनची रेल्वे अर्ध्या तासात मध्य लंडनमधल्या पॅडिंग्टन स्टेशनला सोडते. पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे स्वस्त, पण मध्य लंडनला जायला वेळ जवळजवळ दुप्पट. आईसाठी पहिली घेतली. सामान ठेवायला जागा होती आणि तिला बसायलाही मिळालं.