मकरपुऱ्यातील लॅक्टिक आम्ल: आमची वाटचाल

जैवप्लास्टिकच्या निमित्ताने आज लॅक्टिक आम्लाची सर्वत्र चर्चा असली, तरी आम्ही वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत शेड घेतली तेव्हा जिवाणूंच्या भरवशावर कर्ज मागणाऱ्याकडे बँकेत संशयानेच पाहिले जाई. महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले माझे भागीदार कल्चर, म्हणजे आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचे विरजण, सांभाळत. बॉयलर, कापडातून द्रावण गाळणारे फिल्टर प्रेस आणि द्रावणातून आम्ल वेगळे काढणे माझ्याकडे. पहिल्या काही वर्षांत माल निघत होता आणि खपत होता, एवढे सांगितले तरी पुरे.

खरी परीक्षा फाजने, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूने, घेतली. आमचा जिवाणू लॅक्टोबॅसिलस ४५ अंशांच्या आसपास साखर खाऊ लागला की आम्ल साचून पीएच उतरतो, म्हणून चुना सोडत राहावे लागते. तो किती वेगाने खपतो, हीच बॅचची नाडी. एका रात्री तो वेग अचानक मंदावला. साखर शिल्लक असूनही पीएचचा काटा जागचा हलेना, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिथे काड्यांची दाटी दिसायची तिथे नुसता फुटलेल्या पेशींचा गाळ होता. फाज ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही पार होतो. टाकी १२१ अंशांवर वाफवून घेतली तरी शेडच्या गटारांत आणि हवेत तो उरतोच. पुढच्या बॅचही बसल्या.

नेमक्या याच वेळी वसाहतीतील एका स्पर्धकाने आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून आमच्या मालात ‘रोग’ असल्याचे सांगितले. फाज जिवाणूंना लागतो, माणसाला नाही, शिवाय बसलेल्या बॅचमधला किलोभर मालही आम्ही बाहेर जाऊ दिला नव्हता. या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते, असे मी आजही मानायला तयार नाही.

आमच्याकडून कॅल्शियम लॅक्टेट (चुना आणि लॅक्टिक आम्ल यांचा क्षार) घेणारे गोळ्यांचे एक कारखानदार मात्र हलले नाहीत. “साठा आहे तोवर भागवतो, ऑर्डर तुमचीच,” असे म्हणून त्यांनी आगाऊ रक्कम धाडली. तेवढ्या अवधीत भागीदारांनी फाज मिसळलेल्या आगार जेलीवर तगून राहिलेले जिवाणूंचे ठिपके निवडून नवे कल्चर उभे केले. आम्ही गटारे झाकली, फरशी क्लोरीनने धुऊ लागलो आणि सीड व्हेसल, म्हणजे विरजण वाढवायची छोटी टाकी, वेगळ्या खोलीत हलवले. तेव्हापासून दोन कल्चर आलटून-पालटून वापरतो आणि मूळ नमुने शेडबाहेर ठेवतो.

नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांनी फर्मेंटरच्या (आंबवण्याच्या टाकीच्या) आकाराआधी फिल्टर प्रेसच्या कापडाकडे पाहावे, कारण कॅल्शियम लॅक्टेटचे द्रावण गार पडले की कापडात आणि पाइपातच घट्ट बसते आणि मग पाना-हातोडी घेऊन रात्र काढावी लागते. जिप्समचा हिशेबही आधीच करावा. लॅक्टेटमधून गंधकाम्लाने आम्ल सोडवताना प्रत्येक टन आम्लामागे साधारण एक टन जिप्सम पडते, आणि त्याचे ढीग साचले की शेडमध्ये ट्रक वळवायलाही जागा उरत नाही. आमचे जिप्सम सिमेंटवाले नेतात, पण भाडे अजूनही आम्हीच भरतो.