तुम्ही विचारलंत म्हणून: १९८३च का?

जुनी व्हिडिओ गेम मशीन मी जमवते, उघडते, बंद पडलेली चालू करते. हे कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात: व्हिडिओ गेमच्या सगळ्या इतिहासातलं एकच वर्ष निवडायचं तर कोणतं? माझं उत्तर ठरलेलं आहे. १९८३. त्यावर समोरचा क्रिकेटवेडा असेल तर तो लगेच कपिल देव आणि लॉर्ड्सवर जातो. आणि ज्याने या विषयावर थोडंफार वाचलंय तो म्हणतो, “पण त्या वर्षी तर हा धंदा बुडाला ना?”

बुडाला, पण अमेरिकेत. तिथे अटारी या कंपनीचं १९७७ सालचं व्हिडिओ गेम मशीन घरोघरी पोचलं होतं. १९७९ मध्ये अटारीतलेच काही प्रोग्रॅमर, ना नाव मिळतंय ना पैसा, म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही स्वतःची गेम कंपनी काढली. अटारी कोर्टात गेली, शेवटी तडजोड झाली आणि बाहेरच्यांना कॅसेट काढायला रान मोकळं झालं. मग जो उठला तो गेम काढू लागला. ओट्स विकणाऱ्या क्वेकरने गेमचा विभाग उघडला. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या प्युरिनाने स्वतःच्या जाहिरातीवरून गेम काढून घेतला. दुकानांत माल तुंबला. छोट्या कंपन्या बंद पडल्यावर तो परत घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून कॅसेट पाच-पाच डॉलरच्या ढिगात आल्या. त्यात कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर १९८२ मध्ये ५९५ डॉलरला निघाला होता, तो वर्षभरात निम्म्याच्याही खाली आला. तेवढ्याच पैशांत कॉम्प्युटर मिळतोय तर नुसतं खेळायचं मशीन कशाला, असं आईवडिलांना वाटणं साहजिक होतं. १९८३ मध्ये सुमारे ३.२ अब्ज डॉलरचा असलेला हा बाजार १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आला.

१९८३च्याच सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या ॲलमगोर्डो गावाच्या कचरा डेपोत अटारीने न खपलेला माल ट्रकने नेऊन पुरला. सगळं खापर ‘इ.टी.’ या एका गेमवर फोडलं जातं. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रॅमरला तो करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते, कारण कंपनीला नाताळच्या आत कॅसेट दुकानात हवी होती. मला हे खापर फोडणं अजिबात पटत नाही. २०१४ मध्ये ती जागा खणली तेव्हा इ.टी.बरोबर इतर कितीतरी गेम निघाले, त्यात चांगले खपलेलेही होते. एका माणसाच्या पाच आठवड्यांच्या कामाने एवढा मोठा बाजार कोसळत नाही.

ब्रिटनला तर या पडझडीची झळ फारशी लागलीच नाही. तिथे मुलं स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर टेप लावून खेळत होती आणि १९८३ मध्येच मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ‘मॅनिक मायनर’ हा गेम लिहिला.

पण माझं १९८३ आहे जपानमधलं. तारीख १५ जुलै, आपण वर्ल्ड कप जिंकल्यानंतर बरोबर वीस दिवसांनी. त्या एकाच दिवशी सेगाचं एसजी-१००० आणि निन्टेंडोचं फॅमिकॉम अशी दोन मशीन जपानी दुकानांत आली. सेगाचं १५,००० येनला, निन्टेंडोचं १४,८०० येनला. फॅमिकॉमबरोबर तीनच गेम होते: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनियर आणि पॉपाय. सुरुवात काही झोकात झाली नाही. पहिल्या मशीनमधल्या एका चिपच्या दोषामुळे गेम मध्येच अडकायचा, आणि कंपनीने विकलेली मशीन परत बोलावून दुरुस्त करून दिली.

हे मशीन घडवलं मासायुकी उएमुरा यांनी. निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांचा किमतीबाबतचा आग्रह इतका कडक होता की उएमुरांना प्रत्येक सुट्या भागाचा हिशेब करावा लागला. कीबोर्ड नाही, डिस्क नाही. रिमोटच्या वायरी थेट आतल्या बोर्डला जोडलेल्या, म्हणजे सॉकेटचा खर्च वाचला. रिमोटवरचं अधिक चिन्हासारखं बटण गुनपेई योकोई यांनी आदल्याच वर्षी हातात धरायच्या छोट्या गेमसाठी शोधलेलं होतं, ते उचललं. कामाची मेमरी फक्त २ केबी. डाँकी काँगच्या कॅसेटमध्ये जागा पुरेना म्हणून मूळ खेळातली एक अख्खी स्टेज गाळली.

आपल्याकडे आलेली बरीच मशीन या फॅमिकॉमचीच नक्कल होती, म्हणून या काटकसरीच्या खुणा तुम्ही स्वतः पाहिल्या आहेत. कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम खेळताना गोळ्या आणि शत्रूंची गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची, आठवतं? तो टीव्हीचा दोष नव्हता. उएमुरांच्या चित्र काढणाऱ्या चिपला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हलती चित्रं फक्त आठ तुकड्यांपर्यंत दाखवता येतात. नववा तुकडा आला की तो सरळ गायब. मग प्रोग्रॅमर दर फ्रेमला क्रम बदलायचे, म्हणजे दर वेळी वेगळाच तुकडा गायब व्हायचा, आणि सगळेच थोडे थोडे दिसत राहायचे. मला हा उपाय आजही थक्क करतो. चिपची मर्यादा जिथल्या तिथे आहे, आणि तरी एकही शत्रू कायमचा अदृश्य होत नाही.

दुसरी खूण रिमोटची. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नसायची. घरातल्या धाकट्याच्या हातात तोच यायचा आणि गेम सुरू करायचा मान कायम थोरल्याकडे. याचं मूळ थेट १९८३ मध्ये आहे. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर त्या जागी एक छोटा माइक बसवला होता. नक्कल करणाऱ्यांनी खर्च वाचवायला माइक काढला, बटणं मात्र परत बसवली नाहीत.

आता ही नक्कल आपल्यापर्यंत कशी आली, तर माझं उत्तर १९८३ असण्याचं खरं कारण हेच आहे. १९८५ मध्ये निन्टेंडोने हे मशीन अमेरिकेत नेलं तेव्हा तिथले दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की हात झटकत होते. पुन्हा वाटेल त्याने वाटेल तसा गेम काढून बाजार नासवू नये म्हणून कंपनीने तिथल्या मशीनमध्ये आणि कॅसेटमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या चिप घातल्या. ओळख पटली नाही तर मशीन सारखं रिसेट होत राहतं. ही कुलूपचिप अमेरिकेतल्या पडझडीतून जन्माला आली. १९८३ च्या जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हतीच. म्हणून नकला झाल्या त्या प्रामुख्याने त्या मशीनच्या, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे लिटल मास्टरसारख्या नावांनी जे घरात आलं, जे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळायचं, त्याचा आराखडा तोच होता. मे महिन्याच्या सुट्टीत ते तासावर भाड्याने मिळायचं. अँटेनाच्या जागी वायर खोचायची आणि चॅनल जुळेपर्यंत टीव्हीची कळ फिरवत बसायचं.

नंतरच्या स्वस्त मशीनचे चार स्क्रू काढलेत तर आत जवळजवळ काहीच दिसत नाही. हिरव्या बोर्डावर काळ्या रेझिनचा एक वाळलेला थेंब असतो. प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाज, सगळं त्या थेंबाखालच्या एका तुकड्यावर आलेलं. तो थेंब मेला की मशीन गेलं, तिथे सोल्डरिंगला वावच नाही. पण माझ्याकडे येणारी बहुतेक मशीन त्यामुळे बंद नसतात. कॅसेटच्या पिनांवर गंज चढलेला असतो, आणि त्यात वर्षानुवर्षं मारलेल्या फुंकरीतल्या ओलाव्याचा वाटा असतोच. साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फुंकर मारू नका, मुलांनाही मारू देऊ नका.

या नकलांमधून उएमुरांना किंवा गेम लिहिणाऱ्यांना एक पैसाही मिळाला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या पिढीने ज्यांच्या कामावर अख्ख्या सुट्ट्या काढल्या, त्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती, कारण ‘९९९९ इन १’वाल्या कॅसेटवर ती कुणी छापलीच नव्हती. उएमुरा २०२१ मध्ये गेले. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

न्यू जर्सीत वाढलेला माझा आतेभाऊ मात्र अजूनही १९८५ वर ठाम आहे. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, त्याच्याकडे निन्टेंडो तेव्हापासूनच आली. एका सुट्टीत त्याने पुण्याला आणलेली करड्या रंगाची कॅसेट आमच्या मशीनमध्ये बसलीच नव्हती: त्याच्या कॅसेटला ७२ पिना, आमच्या खाचेत ६०. पिना जुळवणारा अडॅप्टर आता माझ्याकडे आहे, आणि त्याची कॅसेट आमच्या मशीनवर व्यवस्थित चालते. आमची कॅसेट त्याच्या मशीनवर चालवायची तर मात्र अडॅप्टरमध्ये कुलूपचिपही लागते.